वाचकांचे प्रश्न : छोट्या नाट्यगृहात अभिजात नाटक पाहताना

पन्नास ते दीडशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात सोफोक्लीस, भास, कालिदास, शेक्सपिअर, मोलिएर, इब्सेन, चेकॉव्ह यांची नाटके पाहायला जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

नाटक आधी वाचून जावे का? शेवट कळला तर मजा जाईल असे वाटते. न वाचता गेले तर पहिला अंक नावे लक्षात ठेवण्यातच संपतो.

शेवट आधी कळल्याने या नाटकांचे काही बिघडत नाही, कारण ती शेवट लपवून लिहिलेलीच नाहीत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्या चौदा ओळींतच दोघे प्रेमी जिवाला मुकणार हे सांगून टाकलेले आहे. अथेन्सच्या प्रेक्षकाला ईडिपसची गोष्ट ठाऊक असे आणि सोफोक्लीसने ते गृहीत धरूनच नाटक रचले. सुरुवातीलाच ईडिपस आधीच्या राजाच्या खुन्याला जाहीर शाप देतो. खुनी तो स्वतःच आहे हे ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर त्या शापाने काटा येतो. ज्याला माहीत नाही त्याला ती नुसती राजाज्ञा वाटते. कथा ठाऊक नसेल तर नुकसान होते ते असे.

पण अख्खी संहिता आदल्या रात्री वाचून जाऊ नका. मग कान नटाचे ऐकत नाही. वाचलेली ओळ आली की नाही हे तपासत बसतो. एवढे पुरेसे आहे : पात्रांची यादी आणि त्यांची नाती एका कागदावर मांडा, मुख्य आठ-दहा नावे पुरेत. अर्ध्या पानाचा कथासार वाचा. आणि पहिला प्रवेश मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नव्हे. या तिन्ही गोष्टींना मिळून पाऊण तास लागतो. मोठ्याने वाचल्याने वाक्यांची लांबी आणि वळण कानात बसते, आणि नाटक सुरू झाल्यावर जी दहा मिनिटे भाषेला सरावण्यात जातात ती वाचतात. संपूर्ण संहिता वाचायची असेल तर आठवडाभर आधी वाचा किंवा प्रयोगानंतर. प्रयोगानंतरचे वाचन आम्हाला अधिक फळते असे वाटते, कारण तेव्हा प्रत्येक ओळीला आवाज मिळालेला असतो.

रशियन नाटकांसाठी नावांचा कागद अगदी आवश्यक. चेकॉव्हच्या ‘द सीगल’मध्ये कॉन्स्टान्टिन गाव्रिलोविच, ट्रेप्लेव आणि कोस्त्या हा एकच तरुण आहे. पहिले संबोधन आदराचे, दुसरे आडनाव, तिसरे घरातले. कोण कोणाला कुठल्या नावाने हाक मारतो यातच नाती कळतात, आणि ज्याला तिन्ही माणसे वेगळी वाटतात त्याचा दुसऱ्या अंकापर्यंत गोंधळ उडालेला असतो.

विनोदी नाटकाला मात्र थोडी सवलत द्या. मोलिएरच्या ‘तार्त्युफ’चा कथासार तिसऱ्या अंकापर्यंतच वाचा. ज्याच्यावरून घरात भांडणे चालू आहेत तो तार्त्युफ पहिले दोन अंक रंगमंचावर येतच नाही, तिसऱ्यात येतो. एवढे माहीत असले की त्याची वाट पाहण्यातली गंमत घेता येते. शेवटची कलाटणी तिथेच बसून कळू द्या.

ही नाटके भव्य रंगमंचासाठी लिहिलेली. ऐंशी खुर्च्यांच्या खोलीत ती तोकडी वाटत नाहीत का?

सगळीच भव्य रंगमंचासाठी लिहिलेली नाहीत. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या संस्कृत ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे दिली आहेत. १०८ हातांचे मोठे, ६४ हातांचे मध्यम, ३२ हातांचे लहान. त्यांतले ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असे मध्यम नाट्यगृह माणसांसाठी योग्य ठरवले आहे. कारणही स्पष्ट दिले आहे : जागा फार मोठी झाली तर शब्द अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव पोहोचत नाहीत. हात म्हणजे साधारण ४५ सेंमी धरला तर हे नाट्यगृह २९ मीटर लांब आणि साडेचौदा मीटर रुंद होते, आणि त्यातला अर्धाच भाग प्रेक्षकांचा. म्हणजे शेवटच्या माणसालाही नट पंधरा-वीस मीटरच्या आत.

स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने ‘मिस ज्युली’च्या १८८८च्या प्रस्तावनेत छोटा रंगमंच आणि छोटे प्रेक्षागृहच मागितले होते. पुढे १९०७मध्ये स्टॉकहोममध्ये त्याने सहकाऱ्यासह ‘इंटिमेट थिएटर’ उभे केले, त्यात १६१ खुर्च्या होत्या. शेक्सपिअरच्या मंडळीकडे १५९९चे उघडे ‘ग्लोब’ होते, पण १६०९च्या सुमारापासून ती मेणबत्त्यांच्या उजेडातल्या बंदिस्त ‘ब्लॅकफ्रायर्स’मध्येही प्रयोग करू लागली.

खरी अडचण ग्रीक शोकांतिकेची. ती उघड्यावर, हजारो माणसांसमोर, मुखवटे घालून करायची म्हणून लिहिलेली आहे. सोफोक्लीसच्या काळात कोरसमध्ये, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या-गाणाऱ्या समूहात, पंधरा जण असत. छोट्या जागेत तीन ते पाच असतात, आणि ते योग्यच आहे. पंधरा माणसे एका सुरात बोलू लागली तर इथे शब्द कळणार नाहीत, नुसता गोंगाट कानावर येईल. तीन जणांनी ओळी वाटून घेतल्या आणि मोजक्याच ठिकाणी एकत्र बोलले तर कोरस ऐकू येतो. प्रयोग फसतो तो बहुधा आवाजामुळे. ऐंशी माणसांपुढे नट पाचशे माणसांचा आवाज लावतो, अर्ध्या तासात प्रेक्षकाचे कान थकतात, आणि जिथे खरोखर ओरडायचे तिथे आवाज चढवायला जागाच उरत नाही. असा प्रयोग मिळाला तर शक्य तितके मागे बसा.

लढाया, मिरवणुका, राज्याभिषेक छोट्या जागेत सुचवावे लागतात. त्यात उणेपणा मानू नका. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधला कोरस, इथे तो एकटाच निवेदक आहे, स्वतःच प्रेक्षकांना विनवतो की आम्ही घोड्यांचे नाव घेऊ तेव्हा घोडे तुम्ही पाहा.

तिकीट काढताना कुठली रांग घ्यावी? पहिल्या रांगेतून जास्त दिसते का?

आधी मांडणी विचारा, मग रांग ठरवा. छोट्या नाट्यगृहात प्रेक्षक एका बाजूला, तीन बाजूंना, आमनेसामने दोन बाजूंना किंवा चारही बाजूंना बसवलेले असतात, आणि एकाच जागेत नाटकागणिक मांडणी बदलू शकते. म्हणून मागच्या वेळी चांगली वाटलेली खुर्ची या वेळी वाईट असू शकते.

दुसरा प्रश्न : नट जमिनीवर काम करतात की उंच मंचावर? याचे महत्त्व शोकांतिकेत कळते, कारण तिथे माणसे खाली कोसळतात आणि खालीच मरतात. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंमीवर असतात आणि त्याच्या डोक्याचा वरचा भाग त्याहून १२ सेंमी उंच. प्रत्येक मागची रांग ३० सेंमीने चढवलेली असली, दोन रांगांत ९० सेंमी अंतर असले आणि तुमच्या नेमके समोर एखादे डोके असले, तर त्या डोक्यावरून पहिल्या रांगेपुढची पाच-सहा मीटर जमीन तुम्हाला दिसत नाही. छोट्या जागेत तेवढाच तर रंगमंच असतो. खुर्चीवर बसलेला नट दिसतो, जमिनीवर पडलेला नाही. चढ त्याहून कमी असेल तर अवस्था आणखी वाईट. सपाट जमिनीवर खुर्च्या मांडलेल्या असतील आणि मंच नसेल तर दुसऱ्या रांगेपासूनच हा त्रास सुरू होतो.

उपाय सोपे आहेत. जमिनीवरचा प्रयोग असेल तर पहिली रांग किंवा मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्या. वाटेवर समोर डोके नसते. रांगांतल्या खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडल्या असतील तर दोन डोक्यांच्या फटीतून दिसते, मग तिसरी-चौथी रांगही चालते. मंच ९० सेंमी किंवा त्याहून उंच असेल तर मात्र पहिली रांग टाळा. तुमचे डोळे मंचाच्या पातळीच्या जेमतेम वर येतात, पडलेला माणूस एका रेघेसारखा दिसतो आणि दोन तास मान वर करून ती आखडते ते वेगळेच. तिथे तिसऱ्या ते पाचव्या रांगेचा मध्य उत्तम.

तीन बाजूंच्या मांडणीत समोरची बाजू भरलेली असेल तर कडेच्या बाजूला मागे जाऊन बसण्यापेक्षा कडेच्याच पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेत बसा. चारही बाजूंच्या मांडणीत नटाची पाठ कोणाला तरी मिळतेच. चांगला दिग्दर्शक दर काही वाक्यांनी नटाला वळवतो, पण दीर्घ स्वगत बहुधा प्रवेशाच्या वाटेच्या तोंडाशी उभे राहून आतल्या दिशेने होते, कारण तिथून सर्वांत कमी प्रेक्षकांना पाठ होते. म्हणून त्या वाटेच्या समोरची बाजू घ्या, वाटेलगतची नको.

पहिल्या रांगेबद्दल आणखी एक. नट दीड-दोन मीटरवर आला की तुम्हाला त्याचा चेहरा दिसतो, पण मागे उभा असलेला दुसरा नट नजरेतून सुटतो. चेकॉव्हच्या नाटकांत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे अधिक घडत असते. तिथे थोडे मागेच बरे.

प्रयोगाला पाच मिनिटे उशीर झाला तर आत सोडत नाहीत. एवढे कडक का?

छोट्या नाट्यगृहात आत येण्याचे दार बहुतेकदा रंगमंचाच्या कडेलाच उघडते आणि बऱ्याच वेळा नटांची एन्ट्रीही त्याच वाटेने असते. अंधारात दार उघडले की बाहेरचा उजेड थेट नटाच्या अंगावर पडतो, आणि अंधाराला सरावलेले प्रेक्षकांचे डोळे पुन्हा सरावायला काही मिनिटे घेतात. उशिरा आलेला एक माणूस आपली जागा शोधेपर्यंत चार माणसांना उठवतो. हे सगळे नेमके पहिल्या प्रवेशात घडते, जिथे कोण कोणाचा कोण हे सांगितले जात असते. ‘हॅम्लेट’ची सुरुवात अंधारात ‘कोण आहे?’ या हाकेने होते. ती हाक चुकली तर पुढच्या सगळ्या संशयाचा सूर चुकतो.

तिसऱ्या घंटेच्या वीस मिनिटे आधी पोहोचा. त्यातली पाच मिनिटे पात्रपरिचयाचा कागद वाचायला, पाच मिनिटे स्वच्छतागृहाला, उरलेली खुर्चीवर बसून रंगमंच पाहायला. आता अनेक प्रयोगांत पडदा नसतो. नेपथ्य आधीपासून दिसत असते. दारे किती, खिडकी कुठल्या बाजूला, कुठली वस्तू एकटीच पुढे ठेवली आहे हे आधी पाहून ठेवले तर पुढे एन्ट्री-एक्झिटचा अर्थ लवकर लागतो. उशीर झालाच तर दारावरच्या माणसाशी वाद घालू नका. तो प्रवेश संपण्याची ठरलेली जागा पाहून तुम्हाला मागच्या रांगेत सोडेल. तिथेच बसा, आपली खुर्ची मध्यांतरानंतर.

पहिल्यांदाच जायचे आहे. कुठल्या नाटकापासून सुरुवात करावी आणि किती वेळ धरावा?

इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) किंवा ‘तार्त्युफ’. दोन्हींत एक घर, मोजकी पात्रे, आणि काय पणाला लागले आहे ते पहिल्या वीस मिनिटांत कळते. इब्सेनला मध्यांतरासह अडीच तासांच्या आसपास धरा. त्यानंतर सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ : दीड तास, बहुधा मध्यांतराशिवाय. भासाच्या महाभारतावरच्या एकांकी, उदाहरणार्थ ‘ऊरुभंग’, तासाभरात होतात आणि छोट्या जागेत फार शोभतात. ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. संस्कृत नाटकात मृत्यू रंगमंचावर दाखवू नये असा संकेत असताना भासाने हे केले, आणि पाच मीटरवरून ते पाहणे हा वेगळाच अनुभव आहे.

शेक्सपिअर ‘मॅकबेथ’पासून. त्याच्या शोकांतिकांत ते सर्वांत छोटे, थोडी काटछाट करून दोन तासांत बसते. ‘हॅम्लेट’ पूर्ण करायचे तर चार तास लागतात, म्हणून पहिल्या वेळेला नको. चेकॉव्हचे ‘द चेरी ऑर्चर्ड’ही पहिले नको, त्यात वरवर फार थोडे घडते आणि सवय नसेल तर नाटक सुरूच होत नाही असे वाटते.

मध्यांतर आहे की नाही हे बुकिंगच्या वेळी विचाराच. ‘मिस ज्युली’सारखे नाटक सलग दीड तास चालावे असेच लिहिलेले आहे. छोट्या जागेत मधूनच उठून जाणे म्हणजे जवळजवळ रंगमंच ओलांडणे. आधीच्या तासाभरात पाणी-चहा बेताने घ्या. उठावे लागेलच अशी प्रकृती असेल तर तसे सांगून दाराजवळची खुर्ची मागा. बहुतेक नाट्यगृहे ती देतात.

जुन्या वळणाची भाषा आणि लांबलचक वाक्ये. मध्येच धागा सुटतो आणि मग सापडत नाही. काय करावे?

सुटलेले वाक्य सोडून द्या. प्रेक्षक हरवतो तो एका वाक्यामुळे नाही. त्या वाक्याचा अर्थ लावत बसल्यामुळे पुढची चार वाक्ये जातात आणि मग धागा तुटतो. या नाटककारांना हे माहीत होते. उघड्यावर, गलबल्यात नाटक करायचे तर महत्त्वाची गोष्ट एकदाच सांगून चालत नाही. ती दोन-तीनदा, वेगवेगळ्या तोंडून येते. थोडे थांबलात तर ती परत येतेच.

प्रत्येक प्रवेशात एवढेच धरून ठेवा : कोणाला कोणाकडून काय हवे आहे, आणि ते त्याला मिळाले का. लेडी मॅकबेथला नवऱ्याकडून खून हवा आहे. तो आधी नाही म्हणतो, प्रवेशाच्या शेवटी तयार होतो. मधल्या ओळींतल्या अर्ध्या प्रतिमा सुटल्या तरी प्रवेश तुमच्या हाती लागला. धागा सुटला तर बोलणाऱ्याकडे पाहणे सोडून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहा. छोट्या नाट्यगृहाचा हा सर्वांत मोठा फायदा, आणि तो फार थोडे प्रेक्षक घेतात.

ग्रीक नाटकात दूत येऊन दीर्घ निवेदन करतो तिथे बरेच जण सैल होतात. तसे करू नका. हिंसा पडद्याआड घडते आणि दूताच्या शब्दांतून दिसते. नाटकाचा कळस बहुधा त्या निवेदनातच असतो.

भाषांतर कोणाचे हे आवर्जून विचारा. आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे रूपांतर १८८३चे. त्या काळच्या गद्याची वाक्ये वाचताना भारदस्त वाटतात, पण ऐकताना क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरायला होतो. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ कानाला पुष्कळ जवळचा. जुने भाषांतर असेल तर वर सांगितलेले मोठ्याने वाचन अधिक करा, नवे असेल तर कथासार पुरे. एक पान एका लयीत वाचताना धाप लागली तर ते भाषांतर रंगमंचावरही नटाला दमवणार असे समजा.

पुस्तकातले प्रवेशच्या प्रवेश प्रयोगात नव्हते. हे नाटककारावर अन्याय नाही का?

प्रयोग होतो तो रंगावृत्तीचा, म्हणजे प्रयोगासाठी बेतलेल्या संहितेचा, छापील संहितेचा नव्हे. आणि छापील संहिताही एक नसते. ‘हॅम्लेट’च्या १६०३, १६०४-०५ आणि १६२३ अशा तीन जुन्या छापील प्रती आहेत, आणि पहिली दुसरीच्या निम्म्याहून थोडीच मोठी आहे. आज पुस्तकात वाचतो ते संपादकांनी जुळवलेले. दहा अंकांचे ‘मृच्छकटिक’ काटछाटीविना करणे तर आजच्या एका संध्याकाळीत बसतच नाही.

तेव्हा काटछाट झाली का हा प्रश्न नाही, कशी झाली हे पाहावे. चांगल्या काटछाटीत वर्णने, दुहेरी निरोप, उपकथानके जातात. वाईट काटछाटीत एखाद्या निर्णयाआधीची चलबिचल जाते, आणि मग पात्र अचानक बदलल्यासारखे वाटते. ‘हॅम्लेट’मधून नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिन्ब्रास याला काढले तर वेळ वाचतो, पण डेन्मार्कचे राज्य परक्याच्या हाती गेले हे कळत नाही आणि शेवट एका घरापुरता उरतो. तसे हेतुपुरस्सर केले असेल तर बाकीच्या प्रयोगातही राज्यापेक्षा घराला महत्त्व दिलेले दिसेल. नसेल दिले तर ती नुसती वेळेची बचत.

एकाच नटाने दोन-तीन भूमिका करणे हाही असाच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे. ग्रीक शोकांतिकेत सगळी बोलती पात्रे तीनच नट करीत. ‘किंग लिअर’मध्ये कॉर्डेलिया आणि विदूषक कधीही एकत्र येत नाहीत, म्हणून दोन्ही भूमिका एकाच नटीला दिल्या जातात. पात्रपरिचयाच्या कागदावर एका नावासमोर दोन भूमिका असतील तिथे पेन्सिलने खूण करा. नट बदललेले पात्र बहुधा एकाच वस्तूने दाखवतो : शाल, काठी, टोपी. ती वस्तू पकडली की गोंधळ होत नाही.

श्रवणयंत्र वापरतो. छोट्या नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नसतो. नाटक झेपेल का?

झेपेल, पण जागा निवडून. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यात स, श, त, क, फ यांसारखी व्यंजने येतात. हे आवाज नटाच्या तोंडासमोर जोरात आणि पाठीमागे फार कमी पोहोचतात. म्हणून तीन किंवा चार बाजूंची मांडणी टाळा. एका बाजूची मांडणी, दुसरी-तिसरी रांग, मधोमध, किंवा ज्या कानाने अधिक ऐकू येते तो रंगमंचाकडे राहील अशी बाजू. चेहऱ्यावर उजेड आहे ना हेही विचारा, कारण ओठ दिसले की पुष्कळ शब्द आपोआप भरून निघतात. मंद उजेडातला प्रयोग तुम्हाला इतरांपेक्षा अधिक त्रासाचा जाईल.

नाट्यगृहात इंडक्शन लूप, म्हणजे जागेभोवती फिरवलेल्या तारेतून आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारी सोय, असेल तर यंत्र त्यासाठीच्या ‘टी’ खुणेवर ठेवा आणि लूपच्या आतल्या भागात बसा. नेमके तारेवर बसले तर आवाज एकदम बारीक होतो. मान कलली तरी कमी-जास्त होतो. हे पहिल्या घंटेआधी तपासून घ्या. तुमच्यासाठी संपूर्ण संहिता आधी वाचणे हिताचे. पहिल्या उत्तरात दिलेला सल्ला इथे लागू नाही.

खोकला आवरत नाही. आणि फोन सायलेंटवर ठेवला तर चालतो का?

चालत नाही. सायलेंटवर ठेवलेल्या फोनचा गजर बऱ्याच वेळा तरीही वाजतो, आणि लाकडी मंचावर मांडलेल्या खुर्च्यांत फोनची थरथर सबंध रांगेला जाणवते. फोन पूर्ण बंद करा. मनगटावरचे घड्याळ हात हलवला की उजळत असेल तर तेही बंद करा किंवा काढून खिशात ठेवा. अंधारात त्याचा उजेड समोरच्या नटाला तुमचा चेहरा दाखवतो.

खोकल्यासाठी गोळ्यांची वेष्टने आधीच काढून रुमालात बांधून ठेवा. वेष्टन हळूहळू उघडल्याने आवाज कमी होत नाही, तो लांबतो. उबळ येतेय असे वाटताच गोळी तोंडात, पाण्याचा घोट, आणि तरीही खोकला आलाच तर रुमालात तोंड दाबून एकदाच मोकळा खोका. दाबून दाबून पाच मिनिटे खोकण्याचा नटाला अधिक त्रास होतो.

हॉल अर्धा रिकामा असेल तर आपल्या क्रमांकाच्याच खुर्चीवर बसावे का?

दारावर विचारून मध्यभागी, इतरांच्या लगत बसा. विखुरलेले वीस प्रेक्षक हसत नाहीत. तेच वीस एकत्र बसले तर हसतात, आणि मोलिएरचा प्रयोग त्या हसण्यावर चालतो, कारण नट पुढचे वाक्य कधी टाकायचे ते हशावरून ठरवतो. माणसांचे अंग आणि कपडे आवाज शोषतात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. भिंतीपासून जितके दूर तितके स्पष्ट.

टाळ्या कधी वाजवाव्यात? अंधार झाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, पण नाटक संपलेच नव्हते.

अंधार म्हणजे शेवट नव्हे. उजेड परत येऊन नट सामोरे येईपर्यंत थांबा. ‘द चेरी ऑर्चर्ड’च्या शेवटी म्हातारा नोकर बंद घरात आडवा होतो, दुरून तार तुटल्यासारखा आवाज येतो, शांतता पसरते, आणि त्यानंतर बागेतल्या झाडांवर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. तार तुटताच टाळ्या पडल्या की कुऱ्हाड कोणालाच ऐकू येत नाही, आणि नाटकाचा शेवटचा शब्द तीच आहे. संस्कृत नाटकात भरतवाक्य, म्हणजे शेवटचे मंगलवचन, होईपर्यंत थांबा. मधल्या अंकांच्या शेवटी दाद द्यायची असेल तर विनोदी नाटकात मोकळेपणी द्या, शोकांतिकेत आवरती घ्या.

दमा आहे, आणि बंदुकीच्या आवाजाने दचकायला होते. आधी कळण्याची काही सोय असते का?

बहुतेक ठिकाणी दारावर सूचना लावतात : धूर, लुकलुकणारा प्रकाश, गोळीचा आवाज. पण तोवर तिकीट काढून झालेले असते, म्हणून बुकिंगच्याच वेळी विचारा. रंगमंचावरचा धूर साधारणपणे ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन पाण्यात मिसळून तापवून केलेला असतो. यंत्र बहुधा विंगेत असते आणि धूर तिथून पसरतो. यंत्राच्या विरुद्ध बाजूची, दाराजवळची खुर्ची मागा आणि इनहेलर हाताशी ठेवा.

गोळीसाठी नाटकेच माहीत असलेली बरी. ‘हेडा गाब्लर’ दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला रंगमंचावर आणि मग शेवटच्या क्षणांत, आतल्या खोलीत, ‘द सीगल’ही शेवटी, पडद्याआड, ‘अंकल वान्या’मध्ये तिसऱ्या अंकात दोनदा, त्यातली दुसरी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. छोट्या खोलीत खऱ्या बाराच्या रिकाम्या काडतुसाचा आवाज असह्य होऊ शकतो, म्हणून अनेक मंडळी ध्वनिमुद्रित आवाज वापरतात. कुठला वापरतात ते विचारा, आणि काडतूसच असेल तर कानात घालायचे फोमचे बोळे घेऊन जा; त्या प्रवेशापुरते घातले की पुरे.